इंजिनला गार हवा: आधी मोजा, मग फटी बुजवा, कापाकापी सगळ्यात शेवटी

कंपनीने दिलेला फिल्टरचा डबा काढायचा, त्याच्या जागी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायचा आणि आवाज वाढला म्हणजे ताकदही वाढली असं धरून चालायचं. गार हवेच्या नावाखाली बहुतेक गाड्यांवर एवढंच काम होतं. बॉनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर रेडिएटरमधून तापून मागे आलेली हवा ओढतो. मूळचा डबा निदान पुढून, बाहेरची हवा घेत होता. म्हणजे पैसे खर्च करून गाडी पूर्वीपेक्षा गरम हवेवर चालू लागते.

हवेचं गणित थोडक्यात असं. २५ अंशांची हवा ५५ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे दर ३ अंशांना साधारण १ टक्का. शिवाय आत येणारी हवा तापलेली दिसली की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून होणारी ठकठक, टाळण्यासाठी इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घेतो आणि पिकअप आणखी मंदावतो. उलट ‘पुढून हवा जोरात घुसवली की दाब वाढतो’ ही कल्पना रस्त्यावरच्या वेगाला फारशी लागू पडत नाही. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा पूर्ण दाब अर्ध्या किलोपास्कलच्याही आत भरतो, आणि वातावरणाचा दाब आहे सुमारे १०१ किलोपास्कल. त्यामुळे हवा किती जोरात येते यापेक्षा ती कुठून येते याकडे लक्ष द्यायचं. खालचे सगळे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत, क्रम बदलू नका.

## टप्पा १: आहे ती स्थिती मोजा

लागणारी साधनं: ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र), आकडे साठवून ठेवणारं मोबाइल अ‍ॅप आणि बाहेरची हवा मोजायला एक साधा थर्मामीटर. अ‍ॅपमध्ये पाच गोष्टी लावा: इनटेक (इंजिनात जाणाऱ्या) हवेचं तापमान, कूलंटचं तापमान, वेग, मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब, आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा).

इंजिन पूर्ण तापल्यावर तीन स्थितींत नोंद घ्या:

१. गाडी उभी, इंजिन चालू, १० मिनिटं.
२. ताशी ३० च्या आसपास, रेंगाळत, १० मिनिटं.
३. ताशी ८० ला एकसारखा वेग, १० मिनिटं.

एसी चालू ठेवायचा की बंद हे एकदा ठरवा आणि नंतरच्या प्रत्येक चाचणीत तसंच ठेवा. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे एसीने आकडे बरेच हलतात.

प्रत्येक वेळी इनटेकच्या तापमानातून बाहेरचं तापमान वजा करून तो फरक लिहा. नुसतं ‘४८ अंश’ लिहून ठेवलंत तर पुढच्या आठवड्यात वेगळ्या हवेत घेतलेल्या आकड्याशी त्याची तुलनाच होणार नाही.

सेन्सर कुठे आहे ते आधी पाहा. मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाड्यांत हवेचं तापमान बहुधा त्याच घरात, फिल्टरच्या लगेच पुढे मोजलं जातं. मॅफ नसलेल्या अनेक गाड्यांत ते मॅनिफोल्डवरच्या सेन्सरमध्ये असतं आणि तो सेन्सर हवेबरोबर तापलेल्या धातूची उष्णताही दाखवतो. अशा गाडीत बारीक तारेचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) डब्याच्या तोंडाशी, फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे हवा शिरते त्या बाजूला, चिकटवून वेगळी नोंद घ्या. फिल्टरच्या पलीकडे तात्पुरतं काहीही लावू नका. सुटलेला तुकडा थेट इंजिनात जातो.

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत हवेच्या वाटेतला अडथळाही मोजता येतो. चावी चालू, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा दाब लिहा, तो वातावरणाचा दाब. मग मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर, शेजारच्या माणसाला नोंद घ्यायला सांगून, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला वरच्या आरपीएमला दाब पाहा. दोन्हींतला फरक म्हणजे तोंडापासून थ्रॉटलपर्यंतचा (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेपर्यंतचा) एकूण अडथळा. ओबीडीवर हा आकडा पूर्ण किलोपास्कलमध्येच येतो, म्हणून तीनदा घ्या. फरक २ च्या आसपास असेल तर मोठा पाइप आणि ‘जास्त फ्लो’चा फिल्टर बसवून हाती काही लागणार नाही. ५ किंवा अधिक असेल तर फिल्टर तुंबलाय, पाइप दबलाय किंवा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही.

तपासणी: ताशी ८० ला फरक ५ ते ८ अंशांच्या आत असेल, तर गाडी आधीच बाहेरची हवा घेते आहे. टप्पा २ करून थांबा. १५ च्या वर असेल तर पुढे वाचा. फक्त उभ्या गाडीत फरक ३० च्या घरात दिसतो म्हणून घाबरू नका. आयडलला १.५ लिटरचं इंजिन सेकंदाला जेमतेम तीन-चार लिटर हवा घेतं, ती हवा पाइपमध्ये रेंगाळते आणि तापते. त्याच इंजिनात पूर्ण थ्रॉटलला हवा सेकंदाच्या दहाव्या भागात पाइप ओलांडून जाते. इनटेक पाइपला चकचकीत पट्टी गुंडाळून जवळजवळ काहीच का होत नाही, त्याचं उत्तरही यातच आहे.

## टप्पा २: मूळची व्यवस्था जागेवर आणा

गरम हवेच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात, आणि इथेच सगळ्यात कमी लोक थांबतात. इंजिन गार असताना, तोंडापासून थ्रॉटलकडे या क्रमाने पाहा:

- तोंडाचा पाइप. डब्याला बाहेरची हवा आणून देणारी प्लास्टिकची नळी बरेचदा सर्व्हिसिंगनंतर नीट बसवलेली नसते. ती अर्धी निसटली की डबा बॉनेटखालचीच हवा ओढतो.
- डब्याच्या क्लिपा. एक तुटली तरी झाकण कोपऱ्यात उचललं जातं. तिथून येणारी हवा गरम असतेच, फट फिल्टरच्या पलीकडे असेल तर धूळही थेट आत.
- फिल्टरची रबरी कड. पूर्ण घेराभोवती दबल्याची सलग खूण दिसली पाहिजे. जिथे खूण तुटते तिथून हवा फिल्टर चुकवून जाते. जवळपास बसणारा दुसऱ्या मॉडेलचा फिल्टर इथेच उघडा पडतो.
- डब्याचा तळ. पाला, कागद, माती. पाणी निघून जाण्याचं छिद्र मोकळं आहे ना ते पाहा.
- जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांतली झडप. थंडीत एक्झॉस्टजवळची गरम हवा घेणारी ही झडप गरम बाजूला अडकून बसते. इंजिन तापल्यावर तिने गार बाजू उघडायला हवी.
- मॅफ सेन्सर. फक्त मॅफसाठी बनवलेल्या स्प्रेने, हात किंवा कापूस न लावता साफ करा. पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका.

## टप्पा ३: गरम हवेच्या वाटा बुजवा

पुढून आलेली हवा रेडिएटरमधून जाते आणि तापून मागे येते. गाडी हळू असताना पंखा तीच तापलेली हवा रेडिएटरच्या कडांच्या फटींतून पुन्हा पुढे ओढतो. इनटेकचं तोंड कितीही पुढे नेलं तरी या फेऱ्यात सापडलं की गरम हवाच मिळणार. या फटी बुजवणाऱ्या फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पडदे कंपनीने दिलेले असतात. पुढच्या धडकेच्या दुरुस्तीनंतर ते परत लागलेले नसतात.

१. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या डाव्या, उजव्या आणि वरच्या बाजूने टॉर्च मारून फटी शोधा. बोट जातं तिथून हवा जाते.
२. इंजिनखालचं आवरण जागेवर आहे का आणि त्याचे सगळे स्क्रू आहेत का ते पाहा.
३. फटीपेक्षा पावपट जाड, बंद पेशींचा ईपीडीएम रबराचा फोम घ्या: २० मिलिमीटर फटीला २५ चा. गाद्यांचा स्पंज चालत नाही, तो पाणी धरून ठेवतो आणि कुजतो.
४. चिकटवण्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकट जागेवरची पट्टी पहिल्या पावसात गळून पडते.
५. मोठी मोकळी जागा असेल तर ३ मिलिमीटरच्या एबीएस प्लास्टिकच्या पत्र्याचा पडदा कापून क्लिपांवर बसवा.

इशारा: रेडिएटरच्या जाळीवर फोम येऊ देऊ नका. बॉनेटच्या मागच्या कडेचं पाणी वाहून नेणाऱ्या वाटाही बुजवू नका.

आता टप्पा १ मधली दुसरी आणि तिसरी चाचणी पुन्हा करा. कमी वेगातला फरक ठळकपणे उतरला असेल तर इथेच थांबण्यात शहाणपण आहे.

## टप्पा ४: तोंडाची जागा ठरवा

नवी नळी टाकायचीच असेल तर जागेच्या तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. तोंड कंडेन्सरच्या पुढच्या हवेत असावं. ते बंपरच्या वरच्या कडेपेक्षा खाली नसावं. आणि पुढच्या चाकाच्या उडणाऱ्या पाण्याच्या रेषेत नसावं.

बहुतेक गाड्यांत वरच्या ग्रिलमागची, रेडिएटरच्या आडव्या पट्टीवरची जागा या अटींत बसते. हेडलाइटमागची जागाही चांगली, फक्त पुढून हवा येण्याची वाट खरोखर आहे याची खात्री करा. फेंडरच्या आतली पोकळी गार असते, पण चाकाजवळचं आवरण फाटलेलं असेल तर चिखल थेट तोंडात. काचेखालची जागा मात्र सोडून द्या. तिथे दाब चांगला असतो, पण गाडी उभी असताना बॉनेटखालची गरम हवा तिथूनच वर निघते आणि पावसाचं सगळं पाणीही तिथेच उतरतं.

बंपरच्या खालच्या जाळीत तोंड नेणं ही सर्वांत महागडी चूक आहे. साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन अंशांसाठी इंजिन पणाला लावू नका.

## टप्पा ५: नळीचं माप आणि साहित्य

मापाचा हिशेब सोपा आहे. इंजिनची क्षमता लिटरमध्ये घ्या, तिला कमाल आरपीएमने गुणा, २ ने भागा आणि ०.९ ने गुणा. मिनिटाला लागणारी हवा लिटरमध्ये मिळते. १.५ लिटर, ६००० आरपीएमला सुमारे ४०५०, म्हणजे सेकंदाला ६७ लिटर. आतल्या ५० मिलिमीटर व्यासात ही हवा सेकंदाला ३४ मीटरने धावते, ६० मध्ये २४ आणि ७५ मध्ये १५ मीटरने. ५० वरून ६० ला जाण्यात अर्थ आहे. ६० वरून ७५ ला गेल्यावर वाचणारा दाब ०.३ किलोपास्कलच्या आसपास, आणि एवढी जाड नळी बॉनेटखाली वळवताना जी दबते त्यात तोही जातो. या इंजिनाला ६० ते ६५ भरपूर झालं.

तोंडाची कड धारदार ठेवू नका. १० ते १५ मिलिमीटर त्रिज्येने बाहेर वळलेली, तुतारीसारखी कड प्रवेशाचा अडथळा बराच कमी करते. या कामात फुकट मिळणारा फायदा हा एवढाच. वळणाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट तरी असावी.

साहित्यात सिलिकॉनच्या नळ्या, एबीएस किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप चालतो. तारेची वळी असलेली लवचीक डक्ट फक्त जोडापुरती, ३० सेंटिमीटरच्या आत वापरा, तिच्या आतल्या घड्या हवेला अडवतात. घरातल्या नळकामाचा पीव्हीसी पाइप बॉनेटखाली मऊ पडतो आणि चपटा होतो. तो नकोच.

## टप्पा ६: पुठ्ठ्याचा नमुना

पाइप कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना बनवा आणि जागेवर ठेवा. इंजिन आपल्या माउंटवर हलतं, गिअर टाकताना आणि जोर देताना जास्तच. म्हणून हलणाऱ्या भागांपासून किमान २५ मिलिमीटर, पट्टे आणि पंख्यापासून त्याहून जास्त, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून ५० मिलिमीटर आणि मध्ये उष्णतेचा पत्रा, एवढं अंतर ठेवा.

तपासणी: नमुन्याच्या सगळ्यात उंच जागी मातकामाच्या चिकणमातीचा गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करा आणि उघडा. दबलेल्या गोळ्याची जाडी १० मिलिमीटरच्या खाली आली तर नमुना खाली घ्या.

## टप्पा ७: जोडणी

मूळचा फिल्टरचा डबा, मूळचा फिल्टर आणि मॅफचं घर तसंच ठेवा. नवी नळी डब्याच्या अलीकडे टाकायची, पलीकडे हात लावायचा नाही. मॅफ सेन्सर आपल्या घराचा व्यास आणि त्यातल्या हवेची सरळ धार धरून मोजमाप करतो. तिथला पाइप मोठा केला की सेन्सर हवा कमी मोजतो, ईसीयू पेट्रोल कमी देतो, आणि फ्युएल ट्रिम वर चढत जाऊन शेवटी चेक इंजिनचा दिवा लागतो. मॅफच्या अलीकडची जाळी ‘अडथळा’ म्हणून काढणारेही असतात. ती जाळी धार सरळ करण्यासाठी आहे.

१. बॅटरीची ऋण तार सोडा.
२. मूळची तोंडाची नळी काढून जपून ठेवा. परत बसवावी लागू शकते.
३. डब्याच्या तोंडावर नळी किमान २५ मिलिमीटर चढवा आणि क्लॅम्प कडेपासून ५ मिलिमीटर आत कसा. प्लास्टिकच्या तोंडावर जोराने कसू नका, हाताने नळी फिरेनाशी झाली की बस.
४. नळीला मध्ये एक आधार द्या. एक टोक बॉडीवर आणि एक इंजिनवर असेल तर मध्ये लवचीक जोड हवाच, नाहीतर काही दिवसांत डब्याचं तोंड तडकतं.
५. पत्र्यातून नळी जाते तिथे यू आकाराची रबरी कड लावा.
६. नळीच्या सर्वांत खालच्या बिंदूला, फिल्टरच्या अलीकडे, पाणी निघून जायला ६ ते ८ मिलिमीटरचं खाली तोंड असलेलं छिद्र पाडा.
७. क्रँककेसची श्वासनळी (इंजिनच्या पोटातले वायू इनटेकमध्ये आणणारी) आणि काढलेली प्रत्येक व्हॅक्युमची नळी परत जोडली का, मोजून पाहा.

नळीला जोडलेला रिकामा डबा म्हणजे रेझोनेटर. तो आवाजासाठी असतो आणि काही गाड्यांत कमी आरपीएमच्या टॉर्कसाठीही जुळवलेला असतो. जागा असेल तर राहू द्या.

तेल लावलेला कापडी फिल्टर वापरत असाल तर तेल जेमतेम लागेल एवढंच. जास्तीचं तेल मॅफच्या तारेवर जाऊन बसतं.

## टप्पा ८: उष्णतेचा पत्रा

डबा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा रेडिएटरच्या मागच्या वाऱ्यात असेल तरच हा टप्पा करा. १ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, डबा आणि पत्रा यांत किमान १० मिलिमीटर हवेची फट, कडांना रबर. पत्रा डब्याला चिकटवला तर तोच तापून उष्णता आत देतो. काम करते ती मधली फट.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डला त्याने जास्त उष्णता सोसावी लागते, पट्टीत ओल धरली की गंज चढतो, आणि तेल ठिबकलं तर आगीचा धोका. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

## टप्पा ९: गळती आणि पाणी

इंजिन चालू करून आयडलला फ्युएल ट्रिम पाहा. शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज आधीच्या आकड्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वर गेली, तर मॅफच्या पलीकडे कुठेतरी न मोजलेली हवा शिरते आहे. आयडलला वाढलेली ट्रिम २५०० आरपीएमला खाली आली की गळतीचा संशय पक्का. धुराच्या यंत्राने शोधणं सर्वांत सुरक्षित. तापलेल्या इंजिनवर पेटणारे स्प्रे मारून गळती शोधू नका.

पाण्यासाठी: इंजिन बंद ठेवून ग्रिलवर दोन मिनिटं नळीने पाणी सोडा, मग डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर तोंडाची दिशा किंवा उंची चुकली आहे. छिद्र मोठं करून हा दोष झाकता येत नाही.

## टप्पा १०: पुन्हा मोजा

त्याच रस्त्यावर, एसी तसाच ठेवून, तिन्ही चाचण्या परत घ्या. तिसऱ्या चाचणीत फरक १५ वरून ५ वर आला तर काम उत्तम झालं: घनतेत सुमारे ३ टक्के. ताकदीतली वाढ याहून थोडी कमीच असते. आकडा हलला नसेल तर नवी नळी काढून जुनी बसवा, तोंड पुन्हा तापलेल्या हवेतच आहे. आणि तापमान सेन्सरच्या तारेत रेझिस्टर घालून आकडा ‘गार’ दाखवणारं विकतचं खेळणं लावू नका. हवा गरमच राहते, ईसीयू मात्र गार समजून टायमिंग पुढे नेतो आणि नॉकिंग पिस्टनवर निघतं.

## टर्बो आणि डिझेल

टर्बोमध्ये दाब दुप्पट केला आणि हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ४० अंशांवर आत गेलेली हवा १३५ अंशांच्या वर बाहेर पडते. तिला गार करणं इंटरकूलरचं काम. म्हणून इथे पहिला हात इंटरकूलरच्या कडांच्या फटींना आणि चिखलाने भरलेल्या पंखांना लावा. साध्या दाबाचं पाणी समोरून सरळ मारा. प्रेशर वॉशरने पंख आडवे होतात. टर्बोनंतरच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ असलेला जोड दिसला तर तिथून दाब निसटतो आहे. टर्बोआधीचा पाइप पातळ असेल तर ओढीने आत दबतो, त्यामुळे इथे मऊ नळी कधीच नको.

डिझेलमध्ये मॅफचा आकडा ईजीआर (एक्झॉस्टचा काही धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) चालवण्यासाठीही वापरला जातो. तिथे गळती राहिली तर काळा धूर आणि गाडी लिम्प मोडमध्ये (ईसीयूने ताकद मुद्दाम कमी केलेल्या स्थितीत) जाणं, दोन्ही ठरलेलं.

बदलाने वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, आणि काही ठिकाणी इनटेकच्या बदलाला परवानगी लागते. ते कापाकापीआधी तपासा. जोडणीनंतर ५०० किलोमीटरला सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा, फोमच्या पट्ट्या हाताने ओढून पाहा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर डबा उघडून फिल्टर कोरडा आहे का ते बघा.